ठाणे-नवी मुंबईत दारू सोडण्यासाठी मराठीतून चालणारी मीटिंग कशी शोधावी?

ऐरोलीचा_रहिवासी:

नमस्कार. मी ऐरोलीला राहतो आणि रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात पाळीत काम करतो. गेली काही वर्षे माझे पिणे रोजचे झाले आहे. गटारी झाली की मी दरवर्षी श्रावण पाळतो, महिनाभर थेंबही घेत नाही, आणि त्या एका महिन्याच्या जोरावर घरच्यांनी, मित्रांनी आणि मी स्वतःसुद्धा असे धरून चाललो होतो की हे व्यसन नव्हे, मनात आणले की सुटते. यंदा श्रावण लागल्यावर दुसऱ्याच दिवशी हात थरथरू लागले, रात्रभर घाम येत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी मी पुन्हा घेतली. घेतल्यावर हात स्थिर झाले. त्या स्थिर झालेल्या हातांचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली.

मला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या किंवा तशा एखाद्या गटाच्या मीटिंगला जायचे आहे. इंग्रजी मला समजते, पण या विषयावर मला इंग्रजीत बोलता येणार नाही, त्यामुळे मराठी किंवा निदान हिंदी मीटिंग हवी आहे. घराजवळची निवडावी की दूरची, हे ठरत नाही. जवळ गेलो तर सोसायटीतील कोणीतरी भेटेल अशी धास्ती वाटते. दूर गेलो तर पाळी सांभाळून किती दिवस जमेल हे सांगता येत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नौपाड्याचा_वाचक:

आपण विचारलेत ते फार चांगले केलेत. मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, फेलोशिपमध्ये बरीच वर्षे आहे. नाव सांगत नाही आणि ते का सांगत नाही हे आपल्याला पहिल्याच मीटिंगमध्ये समजेल.

आधी शोधण्याविषयी. एए भारतात १९५७ पासून आहे आणि तिचे देशाचे जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईतच, भायखळ्याला आहे. त्यांच्या संकेतस्थळावर शहरांनुसार मीटिंगची यादी आणि हेल्पलाइनचे क्रमांक मिळतात. माझा सल्ला असा की यादी नुसती पाहून थेट निघू नका, आधी फोन करा. आपल्याकडच्या पुष्कळ मीटिंग शाळांच्या वर्गांत किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. परीक्षा आल्या, सुट्टी लागली किंवा शाळा मतदान केंद्र म्हणून घेतली गेली की ठिकाण तात्पुरते बदलते आणि यादीत ते वेळेवर दिसेलच असे नाही. मोठ्या कष्टाने मन तयार करून आलेला नवा माणूस कुलूप लावलेल्या फाटकापुढे उभा राहतो आणि तिथून सरळ बारमध्ये जातो, हे मी होताना पाहिले आहे. फोन उचलणारा माणूस स्वतः दारू सोडलेलाच असतो. भाषा कोणती, जिना कुठून आहे, कोणी स्टेशनवर घ्यायला येऊ शकेल का, हे सगळे त्याला निःसंकोच विचारा. घ्यायला येतात, हे आमच्या कामातच धरलेले आहे.

आता जवळ की दूर, याविषयी. मी हा प्रश्न जरा वेगळ्या रीतीने विचारीन. आपण कोणत्या वेळी पिता आणि त्या वेळी आपण कुठे असता? पहिल्या पाळीचा माणूस तीनला सुटतो, रबाळे स्टेशनकडे चालू लागतो आणि वाटेत थांबतो. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री अकरानंतर घरी येऊन, सगळे झोपल्यावर घेतो. दारूचे एक ठरलेले वेळापत्रक असते, आणि मीटिंग त्या वेळापत्रकात नेमकी त्याच जागी घुसवायची असते. संध्याकाळी सात ते नऊ हा ज्याचा घसरण्याचा काळ आहे त्याने सात वाजताची मीटिंग धरावी, मग ती ठाण्यात असो, वाशीत असो किंवा कळव्यात. घरापासून चालत पाच मिनिटांवरची, पण रविवारी सकाळी भरणारी मीटिंग चांगलीच. मात्र शुक्रवारी पगार झाल्यावर उपयोगी पडेल ती शुक्रवारचीच. ट्रान्स-हार्बर मार्ग आपल्या दाराशी आहे. ठाण्याकडे किंवा वाशीकडे, ज्या दिशेला आपली ती वेळ रिकामी सापडेल त्या दिशेला जा.

सोसायटीतले कोणी भेटेल या भीतीविषयी एवढेच सांगतो की तिथे जो भेटेल तो त्याच कारणासाठी आलेला असेल. आम्ही एकमेकांना रस्त्यात ओळख दाखवण्याआधीसुद्धा विचार करतो.

कळव्याचे_डॉक्टर:

मी मानसोपचार विभागात काम करतो. मूळ लेखातील एका गोष्टीवर थांबणे मला अत्यावश्यक वाटते, म्हणून मीटिंगच्या आधी हे वाचावे अशी विनंती.

रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केल्यावर हात थरथरणे आणि घाम येणे ही शरीराने दिलेली माघारीची, म्हणजे दारू तुटल्यावर होणाऱ्या त्रासाची (विथड्रॉवल), लक्षणे आहेत. शेवटच्या प्याल्यानंतर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात, आणि ४८ ते ९६ तासांच्या सुमारास काही रुग्णांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. उपचार न मिळाल्यास यात जीव जाऊ शकतो. दरवर्षीच्या श्रावणात त्रास झाला नाही म्हणून यंदाही होणार नाही, असे गृहीत धरता येत नाही. पुन्हा पुन्हा सोडणे आणि पुन्हा सुरू करणे यामुळे पुढची माघार अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. म्हणून कृपया घरच्या घरी, मनाच्या जोरावर, एका दिवसात बंद करू नका. आधी डॉक्टरांना भेटा. काही दिवसांचे औषध मात्रा उतरवत देऊन ही माघार सुरक्षितपणे पार करता येते, आणि बहुतेकांना दाखल व्हावेही लागत नाही. पूर्वी झटका आला असेल किंवा यकृताचा मोठा आजार असेल तर मात्र दाखल होणेच योग्य.

आणखी दोन गोष्टी. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, द्यावे लागते. रोज पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसाला अशक्तपणा म्हणून थायमिनशिवाय नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. आपण किती पितो हे जवळच्या दवाखान्यातही स्पष्ट सांगावे. दुसरे, ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण सगळेच वाचतो. डायसल्फिराम हे औषध रुग्णाला न सांगता आमटीत किंवा चहात मिसळले आणि तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राणांवर बेतू शकते. हे औषध रुग्णाला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीनेच दिले जाते. घरातील कोणी प्रेमापोटी असे करण्याच्या विचारात असेल तर त्यांना हा परिच्छेद दाखवा.

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, कळव्याच्या महापालिका रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे असल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत.

घोडबंदरचा_प्रवासी:

डॉक्टरांचे म्हणणे पूर्णपणे पटले. मीटिंगविषयी मात्र माझे थोडे वेगळे मत आहे आणि ते मी गांभीर्याने मांडतो. एएच्या कार्यक्रमाचे जे बारा टप्पे आहेत त्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो, मीटिंगच्या शेवटी प्रार्थना होते. माझ्यासारख्या देव न मानणाऱ्या माणसाला तिथे बसणे अवघड जाते. शिवाय हा आजार असेल तर त्यावर उपचार असावेत. एकमेकांच्या कहाण्या ऐकून आजार बरा होतो, हे मानायला माझे मन तयार होत नाही.

कळव्याचे_डॉक्टर:

आपली शंका रास्त आहे, आणि बराच काळ आमच्या क्षेत्रातही ती होती. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने या विषयावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. माणसाला एए आणि बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाशी पद्धतशीरपणे जोडून दिले, तर पूर्ण मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत त्याचा परिणाम इतर प्रस्थापित मानसोपचार पद्धतींपेक्षा काहीसा सरस दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. याचा अर्थ औषधे नकोत असा होत नाही. दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोनसारखी औषधे आणि मीटिंग ही दोन्ही एकत्र चालतात, आणि मी माझ्या रुग्णांना दोन्ही सांगतो. ज्यांना ईश्वराची भाषा नकोच आहे त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे, वर्तनोपचारावर आधारलेले गट आहेत. त्यांच्या मीटिंग ऑनलाइन मिळतात.

आपल्याकडची खरी अडचण निराळी आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि जे दारूवर अवलंबून झाले आहेत त्यांच्यापैकी अडतीस जणांमागे एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार वा मदत मिळालेली असते. उरलेले सदतीस जण कोणत्याही पद्धतीपर्यंत पोहोचलेलेच नसतात.

नौपाड्याचा_वाचक:

देवाविषयी मी इतकेच जोडतो की पायऱ्यांमध्ये ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ असा शब्दप्रयोग आहे आणि तो कटाक्षाने ठेवलेला आहे. आमच्या गटात माळकरी आहेत, नमाज पढणारे आहेत, रविवारी चर्चला जाणारे आहेत आणि काहीच न मानणारे एक निवृत्त शिक्षकही आहेत. ते सांगतात की माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे ही खोलीतली माणसे. त्यांना कोणी कधी हटकले नाही. पायऱ्यांप्रमाणेच एएच्या गटांनी पाळायच्या बारा परंपरा आहेत, त्यांतली तिसरी सांगते की सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे.

मूळ लेखकाच्या माहितीसाठी पहिल्या मीटिंगमध्ये काय होते ते लिहितो, कारण जाण्याआधीची निम्मी भीती त्याचीच असते. कल्पना करा, शाळेचा वर्ग आहे. मोठी माणसे मुलांच्या बाकांवर गुडघे तिरपे करून बसलेली आहेत, फळ्यावर कोपऱ्यात सकाळचा सुविचार आणि पटसंख्या अजून तशीच आहे, टेबलावर पुस्तिका मांडलेल्या आहेत आणि मागे कोणीतरी चहा ओतत आहे. सुरुवातीला, जे अजून पीत आहेत त्यांच्यासाठी काही क्षण शांतता पाळली जाते. मग एकेक जण उठून नाव सांगतो, मी मद्यासक्त आहे असे म्हणतो आणि आपला अनुभव सांगतो. कोणी मध्ये बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही, कोणी वाद घालत नाही. आपल्याला बोलायचे नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ असे सांगितले की पुरे. पैशांची पिशवी किंवा डबा फिरतो, तो सातव्या परंपरेप्रमाणे, म्हणजे गट बाहेरची देणगी न घेता सभासदांच्या खिशातून भाडे आणि चहा भागवतो. नव्या माणसाने त्यात काहीच टाकू नये असे आम्ही सांगतो. वर्गणी नाही, अर्ज नाही, ओळखपत्र नाही. खुल्या मीटिंगला कोणालाही येता येते, पत्नीला किंवा भावाला सोबत आणता येते. बंद मीटिंग केवळ ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी असते. फोनवर हेही विचारून घ्या.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. एखाद्या ठिकाणी सगळे वयस्कर असतात, एखाद्या ठिकाणी बोलणे फारच लांबते. निदान तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी बसून पाहा.

सीवूड्सची_गृहिणी:

मी पत्नी म्हणून लिहीत आहे. येथे पिणाऱ्या माणसाविषयी पुष्कळ लिहिले गेले, त्यांच्या घराविषयी कोणी लिहिले नाही.

अनेक वर्षे यांच्यासाठी मीटिंग शोधण्याचे काम मीच करीत होते. पत्ते कागदावर लिहून मी पाकिटात ठेवायची, लोकलच्या वेळा सांगायची, त्यांच्या साहेबांना फोन करून बरे नाही म्हणून कळवायची. शेवटी एका समुपदेशक बाईंनी मला विचारले की तुम्ही स्वतःसाठी कुठे जाता? मग मी अल-अनॉनला जाऊ लागले. ही कुटुंबीयांसाठीची वेगळी फेलोशिप आहे, १९५१ पासूनची, आणि तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे शिकवीत नाहीत. आपण काय करीत होतो, कशावर पांघरूण घालत होतो आणि आपले स्वतःचे आयुष्य कुठे थांबले आहे, हे तिथे समजते. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती संस्थेतही पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, कुटुंबाला समुपदेशनासाठी तिथेही जाता येते. यांनी जाणे सुरू करण्याच्या पुष्कळ आधी मी जाणे सुरू केले होते, आणि यांनी सोडली नसती तरी मी गेलेच असते.

ऐरोलीच्या दादांना माझे सांगणे असे की आपल्या पत्नींना हा धागा वाचायला द्या. त्यांना सोबत नेण्यासाठी नव्हे; त्यांच्यासाठीही कुठेतरी एक खुर्ची आहे हे त्यांना कळावे यासाठी.

निनावी_खारघर:

या धाग्यावर लिहिण्यासाठीच मी नवे सदस्यनाम घेतले आहे. मी स्त्री आहे आणि पिणारी मीच आहे. पुरुष उठून आपली कहाणी सांगतात आणि लोक त्याला धैर्य म्हणतात. तेच मी सांगितले तर काय होईल हे मला माहीत आहे. केवळ स्त्रियांसाठी काही आहे का?

नौपाड्याचा_वाचक:

ताई, आहे. स्त्रियांसाठी स्वतंत्र मीटिंग असतात, आणि २०२० नंतर ऑनलाइन मीटिंग पुष्कळ वाढल्या असल्याने त्यात घरून, कॅमेरा बंद ठेवून बसता येते. हेल्पलाइनला फोन करून ‘मला एखाद्या महिला सभासदाशी बोलायचे आहे’ एवढेच सांगावे. पुढचे कारण विचारले जाणार नाही. मिश्र मीटिंगमध्ये गेलात तरी आपला फोन क्रमांक कोणाही पुरुष सभासदाला देण्याची गरज नाही, स्त्री सभासदाची स्पॉन्सर, म्हणजे तिला मार्गदर्शन करणारी जुनी सभासद, स्त्रीच असावी हा आमचा जुना संकेत आहे.

सीवूड्सची_गृहिणी:

ताई, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. मी ज्यांना ओळखते त्या भगिनींना विचारून, त्यांची परवानगी असेल तरच आपली गाठ घालून देते.

वागळे_इस्टेट_जुना:

एक सावधगिरीची सूचना करतो. ‘व्यसनमुक्ती केंद्र’ अशी पाटी असलेली प्रत्येक जागा उपचाराची असेलच असे नाही. आमच्या नात्यातील एका मुलाला घरच्यांनी एका खासगी केंद्राच्या माणसांकडून पहाटे गाडीत घालून नेववले. तिथे त्याला मारहाण झाली, महिनाभर घरच्यांशी फोनवर बोलू दिले नाही, आणि बाहेर आल्यावर त्याने सर्वांत आधी दारूच घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा आस्थापनेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असावी लागते, रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचे झाल्यास ठरलेली वैद्यकीय प्रक्रिया पाळावी लागते, आणि हक्क डावलले गेले तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. केंद्र निवडताना नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवायला सांगा, डॉक्टर कोण आहेत आणि कधी येतात ते विचारा, आणि भेटीची वेळ देत नसतील तर तिथून परत फिरा. आपल्या माणसाला ओढून नेण्याची घाई नातेवाईकांना होते, ती मला समजते. पण त्या मुलाचा विश्वास आम्हाला अजून परत मिळालेला नाही.

ऐरोलीचा_रहिवासी:

सर्वांचे मनापासून आभार. मी आधी डॉक्टरांकडे गेलो. किती पितो हे त्यांना प्रथमच खरे सांगितले. त्यांनी औषधे मात्रा उतरवत दिली आणि पत्नीकडे रोजच्या रोज देण्यासाठी सोपवली, माझ्या समोर आणि मला सांगून. त्यानंतर हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी ‘कुठे राहता’ याच्या आधी ‘पाळी कोणती’ हे विचारले, तेव्हा नौपाड्याच्या दादांचे म्हणणे मला नीट उमगले.

या आठवड्यात पहिली पाळी आहे. मी सुटल्यावर घरी न जाता ठाण्याला उतरतो, तलावपाळीवर थोडा वेळ बसतो आणि संध्याकाळच्या मीटिंगला जातो. एक गृहस्थ स्टेशनवर न्यायला आले होते. मी अजून बोललेलो नाही, फक्त ऐकतो. पहिल्याच दिवशी एका रिक्षाचालक बंधूंनी आपल्या श्रावणाची हकीकत सांगितली: महिनाभर दारू बंद, आणि उरलेले अकरा महिने त्या एका महिन्याचा दाखला. मला वाटले होते की असा माणूस मी एकटाच असेन.

आता अडचण पुढच्या आठवड्याची आहे. दुसरी पाळी तीनला लागते आणि अकराला सुटते. त्या वेळी कोणतीही मीटिंग नाही, आणि अकरानंतरचाच काळ माझ्यासाठी सर्वांत वाईट असतो.

नौपाड्याचा_वाचक:

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मीटिंग सकाळी घ्यावी लागेल. सकाळच्या ऑनलाइन मीटिंग आहेत, त्यांचे दुवे हेल्पलाइनवरच मिळतील. कारखान्यात जाण्याआधी एक करून निघा. रात्री अकरासाठी मीटिंगपेक्षा माणूस लागतो. ज्या गटात आपण जात आहात तिथे रात्रपाळी केलेले सभासद नक्की असतील. आज मीटिंग संपल्यावर लगेच निघू नका, चहाला थांबा आणि उघड विचारा की रात्री साडेअकराला मी कोणाला फोन करू शकतो. दोन-तीन क्रमांक घ्या, एकच नको, कारण एखादा झोपलेला असू शकतो. सुटताना स्टेशनकडे चालत असतानाच फोन लावा. घरी पोहोचून, जेवून, मग लावू असे म्हणू नका. आणि घरात बाटली उरलेली असेल तर पुढच्या आठवड्याआधी ती पत्नींच्या हाताने बाहेर जाऊ द्या.

कळव्याचे_डॉक्टर:

यात माझी एक भर. अकराला सुटणारा माणूस बहुधा आठ तास नीट जेवलेला नसतो, आणि रिकाम्या पोटी ओढ अधिक लागते. मधल्या सुट्टीत डबा पूर्ण खा. माघारीसाठीची औषधे चालू असेपर्यंत त्यांवर दारू अजिबात घेऊ नये, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. चुकून घेतली गेलीच, तर लपवू नका, पुढची गोळी घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करा. गोळ्या सुस्ती आणतात, त्यामुळे त्या संपेपर्यंत यंत्रावरचे काम टाळता येईल का, हे आपल्या डॉक्टरांकडून लेखी घेऊन सुपरवायझरना दाखवा. चिठ्ठीवर आजाराचे नाव लिहिलेच पाहिजे असे नाही.

ऐरोलीचा_रहिवासी:

तीन क्रमांक मिळाले. त्यांतील एक सभासद ठाण्याचे आहेत आणि त्यांचीही पुढच्या आठवड्यात दुसरीच पाळी आहे. आम्ही रबाळ्याला एकाच गाडीत चढायचे ठरवले आहे. चिठ्ठीसाठी उद्या सकाळी डॉक्टरांकडे जात आहे.